कंटेनर टर्मिनल: आधी बर्थ मग क्रेन, की दोन्ही एकत्र? सॉल्व्हरने काढलेला प्लॅन प्लॅनर रोज बदलतात

किनारा_कोड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी एका कंटेनर टर्मिनलसाठी बर्थिंग प्लॅनिंगचं टूल बनवतेय, म्हणजे कुठलं जहाज धक्क्यावर कधी आणि कुठे लावायचं आणि त्याला किती क्वे क्रेन (धक्क्यावरून जहाजावर कंटेनर चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या क्रेन) द्यायच्या. धक्का सलग १००० मीटर, एकाच रुळावर १० क्रेन, आठवड्याला वीसेक जहाजं, त्यात फीडर (छोटी जहाजं) पण आहेत आणि मोठी मदर वेसल पण. आत्ता दोन टप्प्यांत सोडवतेय. आधी प्रत्येक जहाजाचा कामाचा वेळ ठराविक धरून बर्थ लावायचे, मग तयार झालेल्या प्लॅनवर क्रेन वाटायच्या. ओआर-टूल्सचं सीपी-सॅट (अटी पाळून सगळ्यात चांगला प्लॅन शोधणारा सॉल्व्हर) वापरतेय, ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे प्लॅन चांगला की वाईट ते मोजायचं माप, असं: सगळ्या जहाजांचा मिळून बंदरातला वेळ कमीत कमी. उत्तर पटकन येतं आणि ऑप्टिमल असं स्टेटस पण येतं.

पण सकाळच्या मीटिंगमध्ये प्लॅनर लोक त्यातलं बरंच हलवतात, कारण विचारलं तर "असं होत नसतं" एवढंच सांगतात कारण त्यांना पुढचं काम असतं. आणि मला खरं कोडं हे पडलंय की त्यांनी हाताने केलेला प्लॅन माझ्या ऑब्जेक्टिव्हने मोजला तर माझ्यापेक्षा वाईट दिसतो, तरी जहाजं मात्र त्यांच्याच प्लॅनने वेळेवर सुटतात. म्हणजे मी जे मोजतेय आणि त्यांना जे हवंय त्यात फरक आहे. दोन्ही एकत्र सोडवलं तर सुधारेल का? आणि एकत्र म्हणजे किती खोलात जायचं, प्रत्येक क्रेन जहाजाच्या कुठल्या बे वर (बे म्हणजे जहाजाच्या लांबीतला कंटेनरचा एक आडवा कप्पा) हे पण आत्ताच ठरवायचं का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सविस्तर सांगा प्लीज.

दोन_मिती

एकत्रच करा, पण सगळं एकत्र नको. कारण सांगतो.

बर्थचा प्रश्न कागदावर काढला तर आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर धक्क्याचे मीटर, आणि प्रत्येक जहाज म्हणजे एक आयत. उंची म्हणजे जहाजाची लांबी अधिक शेजारच्या जहाजापासून सोडायचं अंतर, रुंदी म्हणजे कामाचा वेळ. आयत एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत. एवढाच प्रश्न सुद्धा एनपी-हार्ड आहे (जहाजं वाढली की नेमकं उत्तर काढणं फार अवघड होतं), पण वीस जहाजांना तो त्रास देत नाही, ते तुम्ही बघितलंच. अडचण अशी की तुम्ही आयताची रुंदी आधीच गोठवून टाकलीय. रुंदी क्रेनवर अवलंबून, क्रेन किती मिळणार ते त्याच वेळी शेजारी कोण उभं आहे त्यावर, आणि शेजारी कोण ते बर्थवर. म्हणजे जे उत्तरातून यायला पाहिजे ते तुम्ही इनपुट म्हणून देताय.

पार्क आणि किम या संशोधकांनी २००३ मध्ये हेच मांडलं होतं आणि त्यांची विभागणी मला अजून योग्य वाटते: पहिल्या टप्प्यात बर्थ, वेळ आणि दर तासाला किती क्रेन, आणि दुसऱ्या टप्प्यात नेमकी कुठली क्रेन. म्हणजे क्रेनची संख्या बर्थसोबत ठरते, क्रेनचा नंबर नंतर. बे पर्यंत जाणं हा तिसरा थर, तो जहाज यायच्या जरा आधी सोडवायचा.

अजून एक. दुप्पट क्रेन म्हणजे निम्मा वेळ असं धरू नका. एकाच जहाजावर क्रेन वाढल्या की त्या एकमेकींच्या वाटेत येतात. मायसेल आणि बियरविर्थ या संशोधकांच्या मॉडेलमध्ये यासाठी क्रेनच्या संख्येचा ०.९ घात घेतलाय, तो वापरून बघा, ४ क्रेन म्हणजे कामाला सुमारे साडेतीन आणि ६ म्हणजे सुमारे पाचच. सीपी-सॅटमध्ये हे सोपं आहे, प्रत्येक जहाजाला एकच इंटरव्हल (कामाचा कालखंड) ठेवा ज्याची लांबी व्हेरिएबल आहे, क्रेनची संख्या आणि कालावधी टेबलने जोडा, आयतांसाठी नो-ओव्हरलॅप-टूडी (आयत एकमेकांवर चढू न देणारी अट) आणि क्रेनसाठी क्युम्युलेटिव्ह (एका वेळी वापरातल्या क्रेनची बेरीज मर्यादेत ठेवणारी अट), तिथे डिमांड, म्हणजे जहाजाला लागणाऱ्या क्रेन, पण व्हेरिएबल चालतं.

धक्का_प्लॅनर

वरचं गणित बरोबर आहे पण प्लॅनर तुमचा प्लॅन का हलवतात ते त्यात अजून आलेलं नाही, ते मी सांगतो कारण मी तेच काम करतो.

समजा एका जहाजाच्या एकूण १८०० मूव्ह्ज (कंटेनर चढवणं-उतरवणं) आहेत. क्रेन तासाला २५ काढते धरा, म्हणजे ७२ क्रेन-तास. तुमचं मॉडेल म्हणणार ४ क्रेन द्या, १८ तासांत मोकळं, आणि तो घाताचा नियम लावला तर २०-२१ तास. आता बे प्लॅन (कुठल्या बे मध्ये कुठले कंटेनर ते दाखवणारा नकाशा) उघडून बघा. मधे कुठेतरी दोन चाळीस फुटी बे शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हीत ३००-३०० मूव्ह्ज आहेत. क्रेनची रुंदी बफर ते बफर (एका बाजूच्या धक्कारोधकापासून दुसऱ्यापर्यंत) साधारण २७ मीटर असते आणि चाळीस फुटी कंटेनर १२ मीटरच्या थोडा वर, म्हणजे शेजारच्या दोन बे वर दोन क्रेन एका वेळी उभ्याच राहू शकत नाहीत, मधे जागा सोडावीच लागते. मग ते ६०० मूव्ह्ज एकामागून एकच होणार. ६०० भागिले २५ म्हणजे २४ तास. चार क्रेन द्या नाहीतर सहा द्या, २४ तासांच्या आत ते जहाज सुटत नाही!

आम्ही याला लाँग क्रेन म्हणतो, म्हणजे जिचं काम सगळ्यात जास्त वेळ चालतं ती क्रेन. प्रत्येक जहाज बघताना पहिला प्रश्न हाच, लाँग क्रेन किती तासांची. आणि एकदा ती २४ तास निघाली की त्या जहाजाला चौथी क्रेन देणं म्हणजे ती क्रेन वाया घालवणं आहे, तीन क्रेन काम नीट वाटून घेतल्या तर जवळपास तेवढ्याच वेळात आटपतात, आणि मोकळी झालेली चौथी क्रेन शेजारच्या फीडरला दिली की तो किती तरी आधी निघतो. तुमच्या प्लॅनमध्ये चार क्रेन दिसल्या की प्लॅनर एक काढतो, ते याच्यासाठी. त्याने ते दोन बे बघितलेले असतात.

तर ताई, माझं म्हणणं एवढंच की सगळ्या जहाजांचे तास एका भावाचे नसतात. जिथे एक तास वाचवल्याने जहाज खरंच आधी सुटतं तिथे क्रेन घाला, जिथे सुटत नाही तिथून काढा. टूल हे करायला लागलं तर आम्हाला हातच लावायला लागणार नाही, मनापासून सांगतो.

किनारा_कोड

दादा हे इतकं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार. म्हणजे प्रत्येक जहाजाला कालावधीची एक खालची मर्यादा हवी, शेजारच्या बे च्या जोड्यांमधल्या सगळ्यात जड जोडीवरून काढलेली, आणि टेबल तिथे कापायचं. हे मला लगेच टाकता येईल. पण एक अडचण, माझा प्लॅन आठवड्याचा आहे आणि चार-पाच दिवसांनी येणाऱ्या जहाजाचा बे प्लॅन तर माझ्याकडे नसतोच, मग लाँग क्रेन कशी काढायची?

धक्का_प्लॅनर

बॅप्ली फाइल (जहाजावर कुठला कंटेनर कुठे आहे ते सांगणारी) साधारण मागचं बंदर सोडल्यावर येते, त्याआधी नसतेच. पण लायनर सर्व्हिस (ठरलेल्या मार्गावरची नियमित जहाजसेवा) दर आठवड्याला तीच असते, त्याच बंदरांच्या क्रमाने फिरते, त्यामुळे आपल्या बंदराचा माल जहाजावर कुठे ठेवला जातो ती सवय फार बदलत नाही. एकूण कामात लाँग क्रेनचा वाटा किती होता ते मागच्या फेऱ्यांवरून सर्व्हिसप्रमाणे काढून ठेवा आणि बॅप्ली आली की खरा आकडा टाका. मूव्ह्ज मोजताना हॅच कव्हर (जहाजाच्या पोटावरची झाकणं) उचलून ठेवायचा वेळ आणि रीस्टो (जहाजावरचेच कंटेनर हलवून परत लावणं) विसरू नका, मोठ्या जहाजावर ते चांगलंच जाणवतं.

पाळी_प्रमुख

मी क्रेन ऑपरेशन बघतो, माझ्याकडून दोन गोष्टी. मोठ्या झाल्या तर माफ करा पण या प्लॅन करणाऱ्यांना दिसत नाहीत म्हणून लिहितो.

क्रेन एकाच रुळावर आहेत, एक क्रेन दुसरीला ओलांडून जाऊ शकत नाही. तुमच्या क्युम्युलेटिव्हमध्ये दहापैकी दहा क्रेन वाटल्या आणि बेरीज जुळली की मॉडेल खूश, पण धक्क्यावर समजा तीन जहाजं ओळीने आहेत, डावं, मधलं, उजवं, आणि तुम्ही दुपारी डाव्याची एक क्रेन काढून उजव्याला दिली. बेरीज जुळते. प्रत्यक्षात डाव्याच्या उजव्या टोकाची क्रेन मधल्यावर जाते आणि मधल्याच्या उजव्या टोकाची क्रेन उजव्यावर जाते, मधल्या जहाजाची संख्या कागदावर तीच राहिली पण त्याचं चालू काम मोडलं ना. शिवाय क्रेन सरकवताना वाटेत जहाजाचा ब्रिज किंवा चिमणी आली तर बूम (जहाजावर पसरलेला क्रेनचा हात) वर घ्यायची, सरकायचं, परत खाली करायची, आणि तेवढा वेळ ट्रेलर उभे. म्हणून संख्या बदलायची तर पाळी बदलताना बदला, गँग (कामगारांच्या टोळ्या) पण पाळीप्रमाणेच लागलेल्या असतात, मधेच कुठून आणणार माणसं. तुमच्या मॉडेलमध्ये तासाऐवजी पाळी हे एकक ठेवलं तर निम्मे विचित्र प्लॅन आपोआप जातील.

दुसरी गोष्ट, सगळ्या क्रेन सारख्या नसतात. ४०० मीटरच्या जहाजावर डेकवर आडवे २३-२४ कंटेनर असतात, तिथपर्यंत बूम पोचणाऱ्या क्रेन मोजक्या असतात आणि त्या रुळाच्या ज्या टोकाला आहेत त्याच बाजूला ते जहाज लागलं पाहिजे, कारण मधल्या छोट्या क्रेन ओलांडून त्या येणार नाहीत. म्हणजे इथे क्रेनच बर्थ ठरवते. दोन टप्प्यांत सोडवलं तर हे कधीच पकडलं जाणार नाही, पहिला टप्पा जहाज चुकीच्या टोकाला लावून मोकळा होतो.

दोन_मिती

पाळी_प्रमुख, तुमचा पहिला मुद्दा फार महत्त्वाचा आहे. क्रेन सारख्या असतील तर कुठल्याही एका क्षणाला संख्या जुळली म्हणजे वाटप शक्य असतंच, डावीकडून मोजत जायचं. दोन क्षणांच्या मधली हालचाल मात्र संख्येत दिसत नाही. म्हणून प्रत्येक पाळीत जहाजाची पहिली क्रेन आणि शेवटची क्रेन असे दोन व्हेरिएबल ठेवा, मागच्या पाळीपेक्षा ते जितके हलले तितका दंड. याने लांब पोचणाऱ्या क्रेनचा नियम पण लगेच लिहिता येतो. आणि मग कामाची अट अशी: पाळीतले तास गुणिले क्रेनच्या संख्येचा ०.९ घात, सगळ्या पाळ्यांची बेरीज त्या जहाजाच्या क्रेन-तासांइतकी तरी व्हायला हवी, शिवाय धक्का_प्लॅनर यांची लाँग क्रेनची मर्यादा वेगळी.

एक मात्र सांगतो, या दोन अटींपैकी आधी लाँग क्रेन टाका. ०.९ चा घात सरासरी वागणं सांगतो, लाँग क्रेन त्या विशिष्ट जहाजाची भिंत सांगते.

यार्ड_नंतर_बोला

तुम्ही सगळे धक्क्यावरच अडकलात, यार्डाकडे (धक्क्यामागे कंटेनर रचून ठेवायच्या जागेकडे) पण बघा. एक्स्पोर्टचे कंटेनर जहाज यायच्या आधीपासून ठरलेल्या बर्थच्या समोरच्या ब्लॉकमध्ये लावलेले असतात. सॉल्व्हरने शेवटच्या दिवशी जहाज ४०० मीटर सरकवलं की आयत छान बसतो पण ट्रेलरची फेरी लांबते. तासाला २५ मूव्ह्ज म्हणजे क्रेनला दर २.४ मिनिटांनी एक ट्रेलर खाली हवा. फेरी १२ मिनिटांची असेल तर एका क्रेनला ५ ट्रेलर पुरतात, तीच १८ मिनिटांची झाली तर ८ लागतात. चार क्रेनला १२ ट्रेलर जास्तीचे, ते कुठून आणणार? मिळाले नाहीत की क्रेन वाट बघत उभी आणि तासाचे २५ राहतच नाहीत. त्यामुळे पसंतीच्या बर्थपासून लांब जाण्याचा दंड ऑब्जेक्टिव्हमध्ये नुसता आकडा म्हणून टाकू नका, त्या जहाजाचे क्रेन-तासच अंतराप्रमाणे वाढवा.

ब्रिजवरून

जहाजाच्या बाजूने बोलतो, डेक ऑफिसर आहे. किनारा_कोड, तुम्ही लिहिलंय की हातचा प्लॅन तुमच्या मापाने वाईट दिसतो पण जहाजं वेळेवर सुटतात. त्याचं मोठं कारण भरती असू शकतं, तुमच्या बंदराची वाट उथळ आहे का ते बघा. भरलेलं मोठं जहाज फक्त भरतीच्या खिडकीत, म्हणजे पाणी पुरेसं खोल असतं तेवढ्या वेळात, बाहेर पडू शकतं, आणि पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. काम खिडकीच्या तीन तास आधी संपलं तर ते तीन तास आम्ही नुसते बांधलेले उभे, बर्थ पण अडलेला. काम खिडकीनंतर एका तासाने संपलं तर एका तासासाठी पुढची भरती. म्हणजे एका जहाजाचा एक तास शून्य किमतीचा आणि दुसऱ्याचा बारा तासांचा, तुमची नुसती बेरीज दोन्हीला एकच भाव देते. सुटण्याची वेळ म्हणजे काम संपल्याची वेळ धरू नका, काम संपल्यानंतरची पहिली खिडकी धरा, पायलट (वाट दाखवणारा) आणि टग (जहाज ओढणाऱ्या बोटी) मोकळे असतील तेव्हाची.

दुसरं, मनापासून विनंती आहे. बर्थ उशिरा मोकळा होणार हे तुमच्या टूलला आधी कळलं तर जहाजाला कळवा हो! आम्ही पूर्ण वेगाने येतो आणि बाहेर नांगर टाकून बसतो. इंधनाचा दर तासाचा खप साधारण वेगाच्या घनाप्रमाणे जातो, २० नॉट्सऐवजी १८ ने आलो तर तेवढ्याच अंतराला सुमारे १९ टक्के इंधन कमी लागतं. आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) पुढाकाराने २०२० मध्ये जस्ट इन टाइम अरायव्हलची (बर्थ मोकळा होईल त्याच वेळी पोचण्याची) मार्गदर्शिका पण निघालीय. पण दर सहा तासांनी वेगळी वेळ कळवली तर कॅप्टन ती मनावर घेणार नाही, तो आपल्या वेगानेच येईल. एकदा सांगितलेली वेळ टिकली पाहिजे.

दोन_मिती

यावर थोडा मतभेद. वेळ टिकावी म्हणून पुढचे तीन दिवस गोठवून टाकले तर एक मोठं जहाज उशिरा आलं की सगळा प्लॅन कडक होऊन मोडतो. मी गोठवण्याऐवजी दंड लावतो, कालच्या प्लॅनपासून जितकं हलवाल तितका, आणि जहाज जवळ आलं की दंड वाढत जातो.

धक्का_प्लॅनर

दंड ठीक आहे पण पहिली पाळी गोठवाच. पायलट, टग, गँग सगळं बुक झालेलं असतं, तिथे सॉल्व्हरला बोट घालू द्यायचं नाही. त्यापुढे दंड चालेल. आणि दोन मोठ्या जहाजांच्या मधे बर्थवर थोडा वेळ मोकळा ठेवा, विशेषतः ज्या सर्व्हिसची ईटीए (पोचण्याची अपेक्षित वेळ) नेहमी घसरते तिच्या मागे. सगळे आयत चिकटवून लावलेला प्लॅन दिसायला सुंदर, पण पहिलं जहाज दोन तास उशिरा आलं की मागचं प्रत्येक जहाज सरकतं. प्लॅनर या फटी मुद्दाम ठेवतात आणि तुमच्या ऑब्जेक्टिव्हमध्ये त्या वाया गेलेला वेळ म्हणून मोजल्या जातात, हे पण एक कारण आहे हातचा प्लॅन वाईट दिसण्याचं.

किनारा_कोड

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता असं करतेय: एकक पाळी, प्रत्येक पाळीत जहाजाची पहिली आणि शेवटची क्रेन, लाँग क्रेनची खालची मर्यादा, लांब बूमच्या क्रेनची अट, बर्थच्या अंतराने वाढणारे क्रेन-तास, आणि सुटण्याची वेळ भरतीच्या खिडकीला बांधलेली. भरती आहे हो आमच्याकडे, मोठ्या जहाजांना लागतेच, ती मी प्लॅनरच्या डोक्यातली गोष्ट समजून बाहेर ठेवली होती. क्रेन आणि बे चा बारीक प्लॅन बॅप्ली आल्यावर वेगळा.

शेवटचा प्रश्न. हे सगळं टाकल्यावर नवीन टूल हाताच्या प्लॅनपेक्षा चांगलं आहे की नाही हे तपासायचं कसं? मागच्या काही आठवड्यांवर चालवून बघितलं तर पुरेल का?

धक्का_प्लॅनर

पुरेल, पण एक काळजी घ्या. मागचे आठवडे चालवताना जहाजाची प्रत्यक्ष आलेली वेळ टूलला देऊ नका, त्या दिवशी सकाळी आमच्या हातात जी ईटीए होती आणि ज्या क्रेन चालू होत्या तेवढंच द्या. प्लॅन काढू द्या, मग एक पाळी पुढे जा, तोपर्यंत जे बदललं ते दाखवा, परत काढू द्या. असा अख्खा आठवडा एकेक पाळी करत पुढे न्या आणि शेवटी दोनच गोष्टी मोजा, किती जहाजं आपल्या खिडकीत सुटली आणि आधी कळवलेली बर्थिंगची वेळ किती वेळा बदलावी लागली. जुन्या ईटीए बहुतेक ठिकाणी जपून ठेवत नाहीत, नवीन आली की जुनीवर लिहिली जाते, त्यामुळे तुमच्याकडे नसतील तर आजपासून दर पाळीला एक कॉपी काढून ठेवायला सुरुवात करा.